दोड्डम्मासाठी पाणी

काचेची टाकी हॉलमध्ये आली आणि मला एका जागी बसवेनासं झालं. ऑफिसच्या कॅबमध्ये असले की वाटे, वीज गेली असेल, पंप बंद पडला असेल. घरी आल्यावर चपला काढायच्या आधी टाकीपाशी जायचं, खुर्ची ओढायची, बसायचं, लगेच उठून तापमान बघायचं. टाकीत मासा नव्हताच. नुसतं पाणी, त्यात विरघळवलेलं समुद्री मीठ, वाळू आणि कारखान्यात घडवलेले दगड. रिकाम्या पाण्याची राखण चालली होती माझी.

ज्यांच्यासाठी ही राखण होती ते येलहंक्याला होते. नागपूरहून नोकरीसाठी बंगळूरला आले तेव्हा मी तिथल्या एका जुन्या घरात वरच्या खोलीत भाड्याने राहायचे. खाली घरमालकीण काकू. सरकारी प्रयोगशाळेत रसायनशास्त्रज्ञ म्हणून निवृत्त झालेल्या, तीन पिढ्या इथेच गेलेलं मराठी घर. त्यांच्या पुढच्या खोलीत खाऱ्या पाण्याची टाकी होती, आणि तिच्यात पांढऱ्या पट्ट्यांच्या केशरी माशांची एक जोडी. ते मासे जिच्या अंगाखांद्यावर राहत ती पुरणपोळीएवढी पसरलेली, मऊ बोटांची, तपकिरी-हिरवी ॲनिमोन. फुलासारखी दिसते, पण प्राणी आहे. कन्नडमध्ये आईच्या थोरल्या बहिणीला दोड्डम्मा म्हणतात. काकू तिला तेच म्हणायच्या.

मी व्हाइटफील्डला राहायला आले तरी रविवारी काकूंकडे जाणं सुटलं नव्हतं. अशाच एका रविवारी त्यांनी सांगितलं की घर विकलं. गुडघे साथ देत नव्हते, जयनगरच्या मुलीने बोलावून घेतलं होतं. मुलीच्या घरात टाकीला जागा नव्हती, आणि जावयाला खाऱ्या पाण्याच्या वासाने शिंका येत. निदान तो तसं सांगे.

“मग हे?” मी टाकीकडे बोट दाखवलं.

“दुकानवाला घेतो म्हणाला. मासे एकाला विकेल, दोड्डम्मा दुसऱ्याला. तोपर्यंत टिकली तर. दुकानात रोज नवं पाणी, नवा दिवा. तिला नाही सोसायचं गं.”

“मी घेते,” मी म्हटलं.

विचार करून बोलण्याची आमच्या घरात पद्धत नाही. आई-वडील दोघेही चळवळीतले. लहानपणी रात्रीचं जेवण झालं की ताटांच्या जागी पत्रकांचे गठ्ठे यायचे आणि आम्ही घड्या घालायचो. जोडाक्षरं मी ‘धिक्कार’ आणि ‘हक्क’ यांवरून शिकले. अन्याय दिसला की आधी हात वर करायचा, मग बाकीचं बघायचं, हे अंगात भिनलेलं.

हात वर केल्यावर मी लगेच अटीही घातल्या. मी स्वतः समुद्रातला एकही जीव विकत घेणार नाही. या तिघांना घेते ते निराधार होतात म्हणून. आणि काकूंच्या टाकीतले दगड मला नकोत. ते खरे प्रवाळाचे दगड होते, फार वर्षांपूर्वी कोणीतरी तमिळनाडूच्या किनाऱ्यावर समुद्र फोडून काढलेले. तेव्हा कोणी विचारत नसे. मी विचारत होते.

“सरी, सरी,” काकू म्हणाल्या, म्हणजे बरं, बरं. “पण दोड्डम्माचा पाय तिच्या दगडात आत रुतलाय. ओढून काढलीस तर फाटेल.”

“मग तो एक दगड येऊ दे.”

“म्हणजे एक चोरीचा चालतो.”

“नाइलाज म्हणून.”

“अय्यो, पुढारी झालीस की गं तू!” त्या हसल्या. मी हसले नाही.

मग त्यांनी त्यांची अट सांगितली. टाकी मांडायची, पाणी मुरू द्यायचं. लोणचं मुरतं तसं पाणीही मुरावं लागतं, काकू म्हणायच्या. दगडावाळूत सूक्ष्म जीव वाढतात, ते माशांच्या मुतातलं विष पचवतात, आणि तसे ते पुरेसे झाल्याशिवाय कितीही स्वच्छ दिसणारं पाणी जीवघेणंच असतं. पाणी मुरलं की त्या त्यांच्या टाकीतल्या गोगलगायी देणार. गोगलगायी चालल्या, तर दोड्डम्मा येणार. नाही चालल्या तर घराचा ताबा द्यायच्या आधीच्या शनिवारी दुकानवाला येऊन सगळं घेऊन जाईल.

व्हाइटफील्डमधल्या आमच्या सोसायटीत नळाला येतं ते पाणी कधी बोअरवेलचं, कधी टँकरचं, कधी दोन्हींची भेसळ. कपडे धुतले तरी पांढरे डाग पडतात. या पाण्यात समुद्र होणार नाही हे पहिल्याच चाचणीत कळलं. स्वयंपाकघरातल्या आरओ यंत्राचं पाणी लागणार होतं, आणि ते यंत्र एक बादली देताना त्याहून जास्त पाणी मोरीत सोडतं. मी ती नळी काढून बादलीत घातली. फरशी, संडास, बाल्कनी, सगळं त्या पाण्याने धुऊ लागले. आमच्या मजल्यावर माझ्याइतकी स्वच्छ बाल्कनी कोणाची नव्हती.

तरी आईला फोनवर सांगताना आवाज खाली गेलाच.

“काय करून राहिली तू?” आई म्हणाली.

“समुद्राचं पाणी बनवतेय.”

“आम्ही पाण्यासाठी जन्मभर मोर्चे काढले. लोकांच्या तोंडी गोडं पाणी यावं म्हणून. अन् तू टँकरचं गोडं पाणी गाळून त्यात मीठ कालवते?”

“आई, ते तीन जीव…”

“पत्रक काढ मग त्यांच्यावर,” ती म्हणाली आणि हसत सुटली. नंतर गंभीर होऊन विचारलं, “एवढं पाणी ठेवते कशात?”

“घागरीत.”

“शाबास. प्लास्टिकचं नको आणू.”

टाकी जिथून घेतली त्या दुकानदाराने निळे प्लास्टिकचे डबे सुचवले होते. मी नको म्हटलं. समुद्रात प्लास्टिक किती जातं यावर मी कॉलेजात भाषणं दिली होती. समुद्रातल्या जिवाचं पाणी मी प्लास्टिकमध्ये साठवणार नव्हते. बंगळूरला येताना आईने दिलेली तांब्याची घागर होती. आमच्याकडे चांगलं पाणी तांब्यातच ठेवतात, आजारी माणसाला, बाळंतिणीला, पाहुण्याला तेच देतात. आरओचं पाणी रात्रभर घागरीत साठवायचं, सकाळी टाकीत ओतायचं. टाकी भरेपर्यंत असंच चाललं. नंतर टाकीतलं पाणी उडून पातळी खाली जाई, मीठ मागे राहून पाणी जास्त खारट होई, म्हणून रोज घागरीतलं ताजं गोडं पाणी वरून घालायचं. दर रविवारी चिंच लावून घागर लख्ख घासायची.

सूक्ष्म जीव वाढावेत म्हणून त्यांना खायला लागतं. काकूंच्या सांगण्यावरून कोळंबीचा तुकडा जाळीत बांधून पाण्यात सडायला टाकला. हॉलमध्ये बंदराचा वास सुटला. शेजारच्या बाईंनी लिफ्टमध्ये विचारलं, “तुमच्याकडे सुकट आहे का?” मी समुद्र बनवत असल्याचं सांगितल्यावर त्यांनी लिफ्टचं बटण पुन्हा दाबलं.

हे मुरणं मला सोसेना. काचेच्या नळीत पाणी घ्यायचं, बाटलीतले थेंब टाकायचे, हलवायचं, रंग येईपर्यंत थांबायचं. हिरवा म्हणजे अमोनिया आहे, पिवळा म्हणजे संपला. मी कामावर निघायच्या आधी बघे, आल्या आल्या बघे. रंग तोच असे. काकूंना फोटो पाठवले की उत्तर येई, “स्वल्प थांब.” मला ‘थांब’ हा शब्दच आवडत नाही. जगात ज्यांना काही बदलायचं नसतं ते सगळे हाच शब्द वापरतात, असं मी कधीतरी एका पत्रकात लिहिलंही होतं. आता मी घरभर येरझारा घालत होते आणि सूक्ष्म जीव त्यांच्या वेळेने वाढत होते. त्यांना माझ्या निर्धाराशी काही देणंघेणं नव्हतं.

शेवटी रंग पिवळा आला. दुसऱ्या दिवशी पिवळाच. मी अर्धा दिवस रजा टाकून येलहंक्याला गेले आणि डब्यातून गोगलगायी घेऊन आले. डबा मांडीवर धरून, टॅक्सीचा एसी बंद करायला लावून. काकूंनी सांगितल्याप्रमाणे त्यांना हळूहळू नव्या पाण्याची सवय केली आणि वाळूवर सोडलं.

त्या चालल्या नाहीत.

एक अर्धवट बाहेर आली आणि तशीच राहिली. दुसरी काचेला चिकटली, मग सुटून उलटी पडली. मी हात घालून सुलट केली, ती पुन्हा पडली. संध्याकाळपर्यंत एकीनेही वीतभर अंतर कापलं नाही. मी पुन्हा सगळ्या चाचण्या केल्या. अमोनिया नाही, खारेपणा बरोबर, तापमान बरोबर. दुसऱ्या दिवशी त्या मेल्या होत्या, हे वासावरून कळलं.

मी टँकरवर घसरले. दुसरं कोण असणार? कुठल्या तलावाकाठी, कुठल्या कारखान्यामागे बोअर मारून ते पाणी उपसतात कोणाला ठाऊक. आरओच्या पडद्यालाही दाद देत नाही असं काहीतरी त्यात असणार. मी सोसायटीच्या ग्रुपवर लांबलचक मजकूर लिहायला घेतला. ‘आपण काय पितो आहोत?’ असं शीर्षकही दिलं. मग काकूंना फोन करून तेच ऐकवलं, तावातावाने.

त्यांनी ऐकून घेतलं. “पुरावा?” म्हणाल्या.

“गोगलगायी मेल्या ना.”

“मेल्या हे दिसतंय. कशाने, ते दिसत नाही. काही पाठवू नकोस. मी येते.”

येलहंक्याहून व्हाइटफील्ड म्हणजे शहराची एक बाजू ओलांडायची. दुपारी त्या पोचल्या तेव्हा घामाघूम होत्या, एक हात गुडघ्यावर. मी खुर्ची दिली आणि पाहुण्याला देतात तसं घागरीतून फुलपात्र भरून पाणी दिलं. त्यांनी एक घोट घेतला, फुलपात्र तोंडापासून दूर धरलं आणि त्यात बघत राहिल्या.

“किती दिवसांचं आहे गं?”

“रात्री भरलेलं. टाकीला घालायचंय ते.”

“टाकीला? हे?”

“हो. आरओचंच आहे. का?”

काकूंनी फुलपात्र ओट्यावर ठेवलं. घागरीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. “तुमच्याकडे संत्र्याच्या झाडांच्या बुंध्यांना निळं-पांढरं काय लावतात?”

“बोर्डो. चुना आणि मोरचूद.”

“मोरचूद म्हणजे?”

मोरचूद म्हणजे तांबं. बुरशी मारायला, किडे मारायला, गोगलगायी मारायला.

“आरओचं पाणी भुकेलेलं असतं,” काकू म्हणाल्या. “त्यातलं सगळं काढून घेतलेलं, म्हणून ज्यात ठेवशील त्याचं थोडं खातं. तुला-मला ते चालतं. ज्यांना कणा नाही त्यांना नाही. आणि तू रोज वरून घालत होतीस. पाणी उडून जातं, तांबं कुठे उडतं? साठत गेलं.”

“पण चाचणीत…”

“तांब्याची चाचणी केलीस?”

तिची बाटली वेगळी मिळते. टाकीच्या दुकानातून ती घेऊन आले. थेंब पडले आणि नळीतलं पाणी निळं झालं. मी ग्रुपवरचा मजकूर पुसून टाकला. टँकरवाले निर्दोष आहेत असं माझं आजही मत नाही, पण या गोगलगायी त्यांनी मारल्या नव्हत्या.

“आता?”

“दगड आणि वाळू तांबं धरून बसलेत. ते गेले कामातून. पाणीही.” काकू म्हणाल्या. “नवे आणून मुरवायला वेळ नाही. शनिवार जवळ आला.”

मी उठून बाल्कनीत गेले, परत आले. “दुकानवाल्याला थोडं थांबायला सांगा.”

“घर घेणारा थांबणार आहे का? परवा सुतार आणून मापं घेऊन गेला तो.” मग हळू आवाजात म्हणाल्या, “माझे दगड घे. सगळे. ते मुरलेले आहेत. आज काढले, आज इथे लावले, तर उद्या तुझं पाणी तयार. दुसरा मार्ग नाही.”

“काकू, ते समुद्रातून लुटलेले आहेत.”

“हो. मीच विकत घेतले होते. तेव्हा मला कळलं नाही, आता कळतं. मग काय करू? परत नेऊन समुद्राला चिकटवू?”

“तसं नाही…”

“मग कसं? नवं कोणी तोडणार आहे का तुझ्यासाठी? त्या दगडांत किडे आहेत, शेवाळ आहे, छोटे खेकडे आहेत. माझ्यानंतर ते गच्चीवर वाळत पडतील. तुझी तत्त्वं मात्र शाबूत राहतील.” त्यांचा चेहरा लाल झाला होता. असा आवाज मी त्यांच्या तोंडून कधी ऐकला नव्हता. “तुम्हा लोकांच्या पत्रकात निषेध असतो, मागणी असते. आता पुढे काय करायचं, हे मात्र कधी छापत नाही तुम्ही.”

मला लागलं. आई-वडिलांवर बोललं की मला नेहमीच लागतं. मी फणकाऱ्याने उत्तर देणारच होते. पण दुकानातल्या उघड्या दिव्याखाली, ओढून काढल्यामुळे फाटलेल्या पायाची दोड्डम्मा मला लख्ख दिसली.

“टेम्पो कुठे मिळेल?” मी विचारलं.

ती सगळी संध्याकाळ मी टाकी रिकामी करण्यात घालवली. पाणी उपसलं, वाळू पोत्यात भरली, काच व्हिनेगरने घासली, धुतली, पुन्हा घासली. आणि ज्या दुकानाला नको म्हटलं होतं तिथूनच झाकणाचे निळे प्लास्टिकचे डबे आणले.

शनिवारी दुकानवाल्याला येऊ नको म्हणून सांगितलं आणि सकाळीच टेम्पो घेऊन येलहंक्याला पोचले. काकूंच्या घरात खोकी, दोऱ्या, भिंतींवर चित्रांचे चौकोनी डाग. टाकी तेवढी चालू होती. आम्ही दोघींनी दगड एकेक करून बाहेर काढले आणि त्यांच्याच पाण्यात, डब्यांत ठेवले. मासे शेवटी जाळीत आले. दोड्डम्मा तिच्या दगडासकट उचलली तेव्हा ती मुठीएवढी आकसली होती. काकूंनी तिच्यावर झाकण लावलं, झाकणावर हात ठेवला, आणि मला म्हणाल्या, “होरडु.” निघ.

टेम्पोवाल्या अण्णाला उत्सुकता होती. त्याने डब्यात डोकावून विचारलं, “मीन सारू?”

माशांची आमटी नाही, जिवंत न्यायचेत, मी माझ्या मोडक्या कन्नडमध्ये सांगितलं. तो एवढा वेळ हसला की सिग्नल सुटलेला त्याला कळला नाही. मागच्या गाड्या बोंबलू लागल्या. हेब्बाळच्या उड्डाणपुलावर आम्ही अडकलो, पुढे रिंग रोडवर मेट्रोच्या कामापाशी पुन्हा अडकलो. मी मागे डब्यांशेजारी उकिडवी बसून हवेचा छोटा पंप एका डब्यातून दुसऱ्यात फिरवत होते. प्रत्येक खड्ड्याला “स्वल्प निधान, अण्णा!” असं ओरडत होते. हळू, जरा हळू. हा शब्द माझ्या तोंडून एवढ्या वेळा आधी कधी निघाला नसेल.

दुपारपर्यंत दगड लागले. काकूंचं जुनं पाणी आणि प्लास्टिकच्या डब्यांत कालवलेलं नवं पाणी एकत्र झालं. मासे कोपऱ्यात अंग चोरून राहिले. दोड्डम्मा मधोमध, तिच्या दगडावर, बंद.

काकूंचा फोन आला तेव्हा त्या जयनगरला पोचल्या होत्या. मागे कुकरची शिट्टी, नातवाचा गोंधळ.

“उघडली?”

“नाही.”

“सरी. बघत बसू नको तिच्याकडे.”

मी बघत बसले. दुसऱ्या दिवशी ती उघडली नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी तिचा दगड रिकामा होता. ती काचेवरून सरकत पंपाच्या तोंडाकडे निघाली होती. ॲनिमोनला जागा पसंत नसली की ती चालू लागते, आणि पंपात सापडली तर तिचे तुकडे होतात. मी पंपाला जाळी बांधली, ऑफिसला आजारी असल्याचं कळवलं, आणि टाकीसमोर जमिनीवर बसून राहिले. ती किती हळू चालते! हलताना दिसतच नाही. आपण पाणी पिऊन येतो आणि बघतो तर ती बोटभर पुढे गेलेली असते. ज्या दगडात पाय रुतला म्हणून एवढं सगळं केलं, तो तिने आपणहून सोडला होता. मला राग आला, मग हसू आलं, मग पुन्हा काळजी वाटू लागली.

संध्याकाळी ती काच सोडून मागच्या दगडांच्या फटीत शिरली आणि थांबली. दुसऱ्या दिवशी तिथेच होती. त्या दिवशी बोटं बाहेर आली, आधी काही, मग सगळी. दोन्ही मासे लांबून बघत होते. मोठी मादी पुढे झाली, एका बोटाला अंग घासून मागे पळाली, पुन्हा आली. मग सरळ आत घुसली आणि लोळली. धाकटा तिच्यामागोमाग.

मी कोळंबीचा बारीक तुकडा काडीला लावून फटीपाशी धरला. बोटांनी तो ओढून घेतला.

काकूंना फोन लावला.

“उघडली.”

पलीकडे कुकर नव्हता, कोणी बोलतही नव्हतं. “कुठे बसली?”

“मागे, फटीत. खुर्चीवरून अर्धीच दिसते.”

“खाल्लं?”

“आत्ता खाल्लं.”

“मासे?”

“तिच्यात आहेत.”

“अर्धी दिसते तर खुर्ची हलव. तिला हलवू नकोस.”

मी फोन खांद्याने कानाशी धरला आणि खुर्ची ओढत भिंतीपर्यंत नेली.